तीन कॅमेरे, एक जुना डेस्कटॉप आणि रात्रभराचा दशावतार

२०२३ च्या दिवाळीत कुडाळला मावशीकडे गेले, तर दादाने चहा यायच्या आधीच कॉम्प्युटर लावून दाखवला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. लग्नं, बारशी, वाढदिवस शूट करतो. आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार. वर्षभर त्याचं एडिटिंग पायरेटेड विंडोजवर, क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्या क्रॅकबरोबर एक दिवस असा पाहुणा आला की दोन लग्नांच्या फायली कुलूपबंद झाल्या. त्या दोन घरांना दादाने पैसे परत केले, पण लग्न परत कुठून आणणार? मग शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने मशीन साफ करून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली, आणि तो कॉलेज उघडल्यावर निघून गेला. मिंट छान चालत होतं. एडिटिंगचं काय, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मी पुण्यात दिवसभर लिनक्सवरच काम करते. व्हिडिओ एडिटिंग माझा धंदा नाही, पण घरात "कॉम्प्युटरवाली" मीच.

"माका फकत येक सांग गो, ह्या मशीनवर ह्यां काम होतला की नाय?" दादाने विचारलं.

मी उत्साहाने "लिनक्सवरचे सर्वोत्तम एडिटर" वगैरे डोक्यातली यादी काढायला लागले होते. दादाच्या प्रश्नात "ह्या मशीनवर" आणि "ह्यां काम" हे दोन शब्दप्रयोग होते, ते माझ्या कानावरून गेले. ते ऐकले असते तर पहिले दोन दिवस वाचले असते.

मशीन आणि माल

मशीन चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचं, म्हणजे २०१३ च्या सुमाराचं. रॅम ८ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमध्ये जे आहे तेवढंच. २४० जीबीची एसएसडी, आणि १ टीबीची हार्ड डिस्क, पण तिच्यात जुनी लग्नं भरलेली, मोकळी जागा साडेतीनशे जीबी. यूपीएस नाही. इन्व्हर्टर आहे, पण वीज गेली की तो जागा होईपर्यंत कॉम्प्युटर एकदा बंद पडून पुन्हा सुरू होतो.

मालाचं म्हणाल तर गेल्या हंगामातल्या एका नाटकाचं फुटेज तसंच पडून होतं. चाचणीला तेच घेतलं. नाटक ३ तास १० मिनिटांचं. समोर स्टँडवर डीएसएलआर, सेकंदाला २५ फ्रेम. उजव्या बाजूला एक फोन, आणि पायपेटी, पखवाज, झांजवाल्यांच्या बाजूला दुसरा. दोन्ही सेकंदाला ३० फ्रेमवर. तिन्ही मिळून साधारण ८२ जीबी. डीएसएलआर दर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबायचा. (युरोपात अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर जकात जास्त लागायची, म्हणून कंपन्यांनी घातलेली ती मर्यादा. तिचा त्रास कुडाळच्या जत्रेत.) म्हणून दादाचा एक भाचा रात्रभर कॅमेऱ्याशेजारी बसून बटण दाबायचा, आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदांची फट पडायची.

शेवटी द्यायचं होतं दोन ठिकाणी: मंडळाच्या यूट्यूबवर, आणि मुंबईच्या चाकरमान्यांसाठी पेनड्राइव्हवर, तो टीव्हीला लावून बघता येईल असा.

रेझॉल्व्हचा हिशोब

दादाच्या ओळखीतले सगळे एकच नाव घेत होते: डाविंची रेझॉल्व्ह. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, सिनेमावाले वापरतात. तिन्ही गोष्टी खऱ्या. रंग दुरुस्त करायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे मीही मान्य करते.

पण त्या वेळी कंपनीने लिनक्ससाठी लिहिलेल्या किमान गरजा अशा होत्या: ३२ जीबी रॅम आणि किमान २ जीबी मेमरी असलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड. अधिकृत पाठिंबा रॉकी लिनक्स आणि जुन्या सेंटओएसला. मिंटसारख्या डेबियन घराण्यात बसवायला लोकांनी आपापल्या स्क्रिप्ट केल्यात. एवढ्यावरच थांबायला हवं होतं. तरी मी म्हटलं, रॅम वाढवता येते, जुनं कार्ड मिळतं, बघू.

खरी अडचण फुटेजमध्ये होती. रेझॉल्व्हची फुकट आवृत्ती तेव्हा लिनक्सवर एच-२६४ आणि एच-२६५ हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धती, वाचत नव्हती. आणि आजकाल फोनचं, डीएसएलआरचं बहुतेक चित्रण याच दोनात असतं. स्टुडिओ आवृत्ती घेतली तर ते चालतं, तिची किंमत २९५ डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेचोवीस हजारांच्या आसपास. त्यातही २०२३ मध्ये लिनक्सवर पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीतसुद्धा एएसी आवाज चालत नव्हता, आणि फोनचा आवाज एएसीच असतो. म्हणजे साडेचोवीस हजार भरून चित्र दिसणार आणि पखवाज मुका.

फुकट आवृत्ती वापरणारे लोक यातून वाट काढतात: सगळं फुटेज आधी डीएनएक्स या एडिटिंगला सोप्या, पण जागा खाणाऱ्या प्रकारात बदलून घ्यायचं. मी दादासमोर वहीवर गणित मांडलं. १०८०, २५ फ्रेमला चांगल्या प्रतीचा डीएनएक्स सेकंदाला १८५ मेगाबिट घेतो. तासाला ८३ जीबी. ३ तास १० मिनिटांना २६३. तीन कॅमेरे, म्हणजे ७९० जीबीच्या आसपास. मोकळी जागा साडेतीनशे. हलक्या प्रतीचा ३६ मेगाबिटवाला प्रकारही आहे आणि तो डिस्कवर मावला असता, पण तो कच्च्या कापाकापीसाठी असतो. रात्रीच्या दिव्यातलं दशावताराचं चित्र त्यात बदलून तेच लोकांना द्यायचं, हे दादाला पटलं नाही.

वहीवरचा ७९० चा आकडा बघून दादा एवढंच म्हणाला, "बंद कर तां." रेझॉल्व्हचा विषय तिथे संपला.

एका इंजिनाच्या तीन गाड्या

उरलेल्यांत ब्लेंडरचा व्हिडिओ सिक्वेन्सर होता. ब्लेंडर मला आवडतं, पण ते दादाला शिकवायचं तर मला कुडाळला बदली घ्यावी लागेल. ऑलिव्ह दिसायला फार देखणं, पण तेव्हा अजून अल्फा, म्हणजे कच्च्या चाचणीच्या अवस्थेत. गिऱ्हाइकाचं काम त्यावर कोण टाकेल? सिनेलेरा उघडलं आणि दादाने त्याच्या खिडक्यांकडे बघून माझ्याकडे बघितलं. आणखी एका प्रोग्रामने टाइमलाइनवर दुसरा तास चढवताच तीनदा मान टाकली. त्याचं नाव घेत नाही. ८ जीबी रॅमवर तीन तासांचे तीन ट्रॅक चढवणाऱ्याने तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची.

मग राहिले केडेनलाइव्ह, शॉटकट आणि फ्लोब्लेड. बाहेरून तिन्ही वेगळी दिसतात, पण तिघांच्या पोटात इंजिन एकच, एमएलटी नावाचं. शॉटकट लिहिणारा डॅन डेनेडी हाच एमएलटीही सांभाळतो. केडेनलाइव्ह त्याहून जुनं, २००२ साली सुरू झालेलं, आणि आता केडीई या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या छत्राखाली. त्यामुळे "कशात रेंडर चांगलं होतं" (म्हणजे शेवटची फाइल कशातून चांगली निघते) या वादात पडायचं कारण नव्हतं. एकाच चुलीवरची तीन भांडी. प्रश्न फक्त मूठ कुणाची हाताला बसते एवढाच.

फ्लोब्लेड आम्ही अर्धा तासच बघितलं. शॉटकटवर एक अख्खी दुपार घालवली. ते साधं आहे, सुटसुटीत आहे, लगेच उघडतं, आवाजावरून क्लिप जुळवायची सोयही त्यात आहे. लग्नाच्या पाच मिनिटांच्या हायलाइटला मी आजही तेच सुचवेन. केडेनलाइव्हकडे पारडं झुकलं ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीमुळे: प्रोजेक्ट बिनमध्ये, म्हणजे क्लिप ठेवायच्या जागी, फोल्डर करता येतात. टाइमलाइनवर नाव आणि रंग देऊन खुणाही ठोकता येतात. दादाने लगेच "गणपती", "संकासुर", "युद्ध" असे फोल्डर केले. तीन तासांच्या नाटकात माणूस हरवतो. त्याला पाट्या लागतात.

कुठून बसवायचं, यातही एक ठेच लागली. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये केडेनलाइव्ह दोनदा दिसतं: एक मिंटच्या स्वतःच्या भांडारातलं, दुसरं फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं सगळं सोबत घेऊन येणारं गाठोडं. मिंट २१ उबुंटू २२.०४ वर उभं आहे, म्हणून भांडारात आवृत्ती २१.१२; फ्लॅटपॅकमध्ये त्या वेळी २३.०८. मी सवयीने पहिली बसवली. पुढे कळलं की २३.०४ पासून त्यात सिक्वेन्स आले, म्हणजे एका टाइमलाइनच्या आत दुसरी ठेवता येते. प्रत्येक प्रवेश वेगळा कापून शेवटी एका माळेत ओवायचा, हे दादाच्या कामाला चपखल. मग फ्लॅटपॅक घेतलं. सोबत केडीईचं रनटाइम उतरतं, त्यामुळे डाउनलोड मोठं. ते रात्री लावून ठेवलं. आणि एक लक्षात ठेवायचं: नव्या आवृत्तीत जतन केलेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू नयेत.

झांजेवर जुळवणी

तीन कॅमेऱ्यांचं चित्र एकमेकांशी जुळवणं हे या कामातलं खरं दुखणं. केडेनलाइव्हमध्ये एका क्लिपचा आवाज आधार म्हणून ठरवायचा, दुसऱ्या क्लिपला त्या आवाजाशी जुळव म्हणायचं. ते दोन्हींच्या आवाजाचे चढउतार ताडून क्लिप सरकवतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मंगलाचरणाच्या झांजेवर तिन्ही चित्रं अशी बसली की दादाने टाळी वाजवली. चाळीस मिनिटांनी फोनमधला राजा तोंड उघडायच्या आधीच बोलायला लागला.

कारण फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण नेम धरून ३० घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की फ्रेम कमी-जास्त करतो. केडेनलाइव्ह अशी क्लिप टाकताना इशारा देतं आणि बदलून घेऊ का विचारतं. आम्ही घाईत "नको" म्हटलं होतं. मग फोनच्या दोन्ही फायली हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून काढल्या, फ्रेमदर २५ आणि स्थिर असं सांगून. फरक बराच गेला. तरी दोन यंत्रांची घड्याळं कधी एका ठोक्यावर चालत नाहीत, तासाभरात दोन-चार फ्रेम इकडेतिकडे होतातच.

इथे डीएसएलआरची ती शापित मर्यादा कामाला आली. त्याच्या क्लिप आधीच तीस-तीस मिनिटांच्या होत्या. फोनच्या क्लिपचेही तिथेच तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र जुळवला. फरक साचायला वेळच उरला नाही. आणि बटण दाबताना पडणाऱ्या चार सेकंदांच्या फटीत वादकांकडच्या फोनचा शॉट टाकला. बघणाऱ्याला वाटतं, दिग्दर्शकाने मुद्दाम पखवाजवाला दाखवला.

८ जीबी रॅमवर हे सगळं हललं ते प्रॉक्सीमुळे. मूळ फुटेजची ६४० पिक्सेल रुंदीची हलकी प्रत करायची, कापाकापी तिच्यावर, रेंडर मात्र मुळावरून. साडेनऊ तासांच्या फुटेजच्या प्रॉक्सी दुपारी लावल्या त्या रात्रीच्या जेवणानंतर संपल्या. पहिलं चाचणी रेंडर धुरकट आलं तेव्हा मी अर्धा तास कोडेकला शिव्या दिल्या. नंतर दिसलं, रेंडरच्या खिडकीत "प्रॉक्सी वापरा" वर मीच टिक करून ठेवली होती.

फोनच्या चित्रावरून फिरणारे काळे पट्टे मात्र कशानेही गेले नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे त्याच्या दुप्पट तालावर लुकलुकतात, आणि ३० फ्रेमच्या फोनला ते दिसतं. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ला बांधून ठेवायचं, एवढाच उपाय, आणि तो शूटिंगच्या वेळचा. गेल्या हंगामाच्या पट्ट्यांवर आम्ही त्या जागी डीएसएलआरचा शॉट टाकून पांघरूण घातलं.

गावऱ्हाटीचा ऱ्ह

नावांची यादी मंडळाने दिली ती छापखान्यातून आलेली, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली. केडेनलाइव्हच्या शीर्षकाच्या खिडकीत चिकटवल्यावर तिथे इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा आला. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. त्या फायलीत मराठी नव्हतंच, मराठीचा मुखवटा घातलेली रोमन अक्षरं होती. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतलं, मुक्त फाँट लावला, आणि सूत्रधार, पखवाज, रंगभूषा सगळं सुरेख दिसायला लागलं. केडेनलाइव्ह पडद्यावर अक्षरं मांडायला क्यूटी नावाची लायब्ररी वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या जागच्या जागी बसतात. ही गोष्ट मी प्रत्येक एडिटरमध्ये सगळ्यात आधी बघते, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही तुलनेत ती नसते.

तरी दादाने पडद्यावर बोट ठेवलं. विशेष आभार: "गावर्हाटी" (गावकीची जुनी व्यवस्था). ह-वर रफार.

"तो ऱ्ह बघ आधी, नायतर गावात तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

कन्व्हर्टरने साधा र आणि ह जोडला होता. तिथे हवा तो ऱ, खाली टिंब असलेला वेगळा र. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये तो शिफ्ट आणि जे दाबून येतो. मग हलन्त, मग ह. गावऱ्हाटी नीट उमटली. तसंच दोन "सरदाऱ्या" आणि एक "वाऱ्या" दुरुस्त केला. नाटकाच्या मुख्य शीर्षकाला दादाला हिंदी वळणाचा ल आणि श नको होता, म्हणून टायरो देवनागरी मराठी फाँट घेतला; त्यात ही अक्षरं मुळातच मराठी वळणाची आहेत. या एका संध्याकाळी दादाला नव्या सॉफ्टवेअरचा लळा लागला असं मला वाटतं. क्रॅकवाल्या एडिटरमध्ये तो शीर्षकं वेगळ्या प्रोग्राममध्ये करून चित्र म्हणून चिकटवायचा. एक काना चुकला तर सगळं पुन्हा.

बारा जीबी आणि एक पेनड्राइव्ह

मधे दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा केडेनलाइव्हने उघडताच आपोआप जतन झालेल्या प्रतीतून परत आणू का विचारलं, आणि पाच-सात मिनिटांच्या कामापलीकडे काही गेलं नाही. एकदा दादाने हार्ड डिस्क आवरताना फुटेजचा फोल्डर दुसरीकडे हलवला आणि सगळ्या क्लिप गहाळ दिसायला लागल्या. तो घामाघूम. हरवलेल्या क्लिपच्या खिडकीतून नव्या फोल्डरमध्ये शोध घ्यायला सांगितलं, तिने सगळं ओळखून परत जोडलं. त्यानंतर मी यूपीएसचा आग्रह धरला. फोल्डर न हलवण्याचाही धरला, पण तो कितपत पाळला जाईल ते माहीत आहे.

यूट्यूब १०८० ला साधारण ८ मेगाबिटचा दर सुचवतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून रेंडर करून बघितलं, भराभर झालं, पण संकासुर अंधारातून येतो तिथे काळ्या रंगाचे चौकोन दिसले. म्हणून साधं, प्रोसेसरवरचंच रेंडर लावलं. रात्री साडेदहाला सुरू, पहाटे पावणेपाचला पूर्ण. फाइल बारा जीबीच्या जवळपास. टाइमलाइनवरच्या खुणा यूट्यूबच्या प्रकरणांच्या यादीत काढता येतात. पहिली खूण शून्यावर ठेवली की झालं.

पेनड्राइव्हवर ती फाइल चढेना. जागा ३२ जीबी, तरी चढेना. चाकरमान्यांच्या जुन्या टीव्हीसाठी पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आमच्या दराने ४ जीबीत साधारण ६८ मिनिटं मावतात. तेव्हा दोन प्रवेशांच्या सांध्यावर खुणा ठोकून त्यांच्या मधला भाग वेगळा रेंडर केला, तिसऱ्या भागात युद्ध आणि भरतवाक्य. असं नाटक तीन फायलींत दादरला पोचलं.

यंदाच्या हंगामात दादाने दोन्ही फोनचं शटर बांधलं, फोनच्या फायली आधी हँडब्रेकमधून काढल्या आणि पहिलं नाटक मला न विचारता पूर्ण केलं. मला वाटलं, सुटले. परवा रात्री फोन आला: सावंतवाडीला कोणी जुनं एनव्हिडिआचं कार्ड स्वस्तात देतोय, घेऊ का, रेझॉल्व्हचा रंग परत एकदा बघूया. मी म्हटलं, दादा, आधी कॅबिनेटच्या मागे पॉवर सप्लायवर वॅटचा आकडा काय लिहिलाय तो वाचून दाखव. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग लांबून, "थांब गो, टॉर्च आणतंय."